फुरफुरीला उत्तर

हिमबिबट्याला डरकाळी येत नाही. त्याचा घसा तसा घडलेलाच नाही. तो फिसकारतो, गुरगुरतो, ऐन थंडीत जोडीदारासाठी कड्यांवरून लांबलचक विव्हळतो. आणि ओळखीचे कोणी दिसले की तोंड मिटून नाकातून फुरफुरतो. तीन-चार लहान झटके. दहा पावलांवरच्या माणसालाही ऐकू जाईल की नाही, इतका हलका आवाज. त्याच्याकडे प्रेमाचे म्हणून एवढेच आहे.

तेरेक्ती खोऱ्यात हा आवाज कादिरकुलइतका हुबेहूब कोणालाच काढता येत नसे.

त्याने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. सोव्हिएत काळ होता. जगभरच्या प्राणीसंग्रहालयांना जिवंत हिमबिबटे हवे असत आणि ते धरून देणारी टोळी याच डोंगरात होती. कादिरकुल सापळे लावायचा. सापळ्याच्या जबड्यांना फ्लॅनेल गुंडाळायचा, म्हणजे पंजा मोडत नाही. त्याचा जोडीदार ओरोझाली बेचक्याची लांब काठी घेऊन जनावराची मान जमिनीला दाबून धरायचा. मग पोते. दोघांनी मिळून अकरा धरले. त्यात एकदा मादीमागोमाग दोन पिल्लेही सापडली. घोड्यावरून उतरताना तिघे तीन पोत्यांत होते. वाटभर मादीच्या पोत्यातून फुरफुर येत होती आणि पिल्लांच्या पोत्यांतून तिला उत्तर. खाली पोचेपर्यंत पिल्लांचे एक पोते गप्प झाले. दुसरे फुरफुरतच राहिले.

त्या रात्री ओरोझाली पोटभर जेवला. कादिरकुलला जेवण गेले नाही. ओरोझाली म्हणाला, "तुझ्यासारख्यानं कोंबड्या पाळाव्यात."

टोळी मोडली, देश मोडला. ओरोझालीने मेंढ्या घेतल्या. कादिरकुलने वीस वर्षे हाताला लागेल ते काम केले. मग खोऱ्याच्या वरच्या अंगाला एक केंद्र निघाले. सापळ्यात अडकलेले, पाय गमावलेले, लोकांनी कोंडून ठेवलेले हिमबिबटे तिथे आणत. केंद्राची प्रमुख दामिरा नावाची शास्त्रज्ञ बाई होती, कादिरकुलच्या मुलीच्या वयाची. राखणदार हवा म्हणून तिने गावात विचारले. लोक हसून म्हणाले, इथे एकच माणूस आहे ज्याचे हात त्यांना अजून आठवत असतील.

तो गेला. सोळा वर्षे राहिला.

दामिरा त्याला आके म्हणायची, वडीलधाऱ्याला म्हणतात तसे. तिच्याकडे पुस्तके होती, यंत्रे होती. एकदा तिने सांगितले, त्या फुरफुरीला शास्त्रात एक शब्द आहे, परदेशातून आलेला. कादिरकुलने तो दोनदा म्हणून पाहिला. मग म्हणाला, "एवढ्या लांब कशाला गेलात, बाई? आमच्या घोड्याच्या नाकात होता की."

दामिराला ते आवडले. तिने वहीत लिहून घेतले. पुढे या वाक्याचे काय होणार आहे, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हते.

*

नऊ नंबरची मादी आली तेव्हा मांजराएवढी होती. आई गावठी सापळ्यात मेली होती. मेंढपाळांनी पिल्लू टोपीत घालून आणले. एवढे लहान आणि धडधाकट जनावर केंद्रात पूर्वी आले नव्हते. बाकीचे सगळे लंगडे, म्हातारे, माणसाला सरावलेले. ते पिंजऱ्यातच मरणार होते. ही परत जाऊ शकत होती.

म्हणून दामिराने नियम केले. नाव ठेवायचे नाही, नंबर द्यायचा. बोलायचे नाही. मांस भिंतीच्या नळातून सोडायचे, म्हणजे मांस आणि माणूस यांची तिच्या डोक्यात गाठ पडणार नाही. दोन वर्षांनी तिची परीक्षा होईल. माणूस दिसताच ती पळाली, फिसकारली, तर डोंगरात सोडायचे. माणसाकडे आली, तर जन्मभर जाळीच्या आत.

"माणसाला न घाबरणारा बिबट्या खाली उतरतो, आके," दामिरा म्हणाली. "आणि खाली उतरला की मरतो."

हे कादिरकुलला सांगायची गरज नव्हती.

पिल्लू चार दिवस जेवले नाही. कोपऱ्यात तोंड घालून पडे. पाचव्या दिवशी पहाटे तो मांसाची खोली धुवायला गेला. त्या खोलीमागे जाळीचा एक तुकडा होता, तिथे कॅमेऱ्याची नजर पोचत नसे. पिल्लू तिथेच येऊन पडले होते. कादिरकुलने त्याच्याकडे पाहिले. पिल्लाने मान उचलली आणि नाकातून हवा सोडली. इतकी अशक्त, की आवाज झालाच नाही, फक्त मिशा हलल्या.

कादिरकुलने उत्तर दिले.

त्याने ते ठरवून केले नाही. तेरेक्तीतला प्रत्येक माणूस लहानपणापासून दिवसातून दहा वेळा तेच करतो. दाणा घालताना, खोगीर उतरवताना, बुजलेल्या घोडीच्या मानेवर हात ठेवताना ओठ मिटून नाकातून फुर्र फुर्र. आहे मी, घाबरू नको, एवढाच त्याचा अर्थ. सवयीने नाकातून निघाले ते हेच.

पिल्लू उठले. दुपारी त्याने खाल्ले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तिथेच येऊन बसले. कादिरकुलने पुन्हा उत्तर दिले. खाणे सुरू राहावे म्हणून एक आठवडा, असे त्याने स्वतःशी ठरवले होते. आठवड्याची दोन वर्षे कशी झाली, हे त्याला नीट सांगता आले नाही. तिच्याशी तो शब्द बोलला नाही. नाव ठेवले नाही. जाळीतून बोट घातले नाही. रोज पहाटे ती यायची, फुरफुरायची. तो फुरफुरायचा. ती निघून जायची. बाकीचा दिवस ती वरच्या खडकांत असे आणि इतर कोणाची चाहूल लागली की दिसेनाशी होई.

घरी बुरुलला, त्याच्या बायकोला, तेवढे कळले होते. नवरा सकाळी कधी नव्हे तो हसऱ्या तोंडाने येई. तिने दोन दिवसांत काढून घेतले आणि म्हणाली, "घरात बायकोशी चार शब्द बोलायला जीभ वळत नाही. तिकडं मांजरीशी गप्पा."

"गप्पा नाहीत. सलाम आहे."

"मला कर की एखादा."

त्याने केला. ती डोक्यावरच्या रुमालाआड हसली. मग हसणे थांबवून म्हणाली, "त्या बाईला माहीत आहे?"

तो बूट काढत राहिला.

*

परीक्षेला दामिराने शहरातून दोन अनोळखी माणसे आणली. सोबत कुत्रा. माणसे जाळीशी गेली. नऊ नंबरची मादी खडकावर उभी राहिली, कान चिकटवले, फिसकारली. मग तीन उड्यांत वर. पुन्हा दुसऱ्या दिवशी तसेच. तिसऱ्या दिवशी दामिरा स्वतः गेली. तसेच.

दामिराच्या डोळ्यांत पाणी आले. तिने सगळ्यांना चहा केला. मग कादिरकुलला बाजूला घेतले आणि कागद पुढे ठेवला. राखणदाराची सही हवी होती.

"आके, एक विचारायचं राहिलं. तुम्ही तिला कधी आवाज दिलात?"

कागदावर सही केली तर ती डोंगरात जाणार होती. खरे सांगितले तर ती या जाळीत म्हातारी होणार होती, त्या लंगड्या नरासारखी, जो दिवसभर एकाच वाटेने येरझारा घालून दगडात खाच पाडत होता. त्याने अकरा जनावरे पोत्यात घालून दिली होती. ही बारावी. आणि ती फक्त त्याच्याशीच फुरफुरते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. दामिराशी नाही, अनोळख्यांशी नाही. डोंगरात तो नसणार. मग भीती कसली?

असा त्याने हिशेब केला.

"नाही," तो म्हणाला आणि सही केली.

जूनमध्ये त्यांनी तिला वरच्या खोऱ्यात नेले. गळ्यात सिग्नलचा पट्टा होता. पेटीचे दार वर उचलले. ती बाहेर आली, थांबली. कादिरकुल जीपच्या मागे उभा होता. त्याने ओठ दातांत धरले होते. ती मागे वळली नाही. चढ चढून गेली.

सात महिने सगळे चांगले होते. दामिरा फोनवर नकाशा दाखवायची. नकाशावर ठिपके. इथे तीन दिवस थांबली, म्हणजे डोंगरी बोकड मारला असणार. इथून ओढा ओलांडला. "बघा तुमची पोरगी," ती म्हणायची. कादिरकुल चष्मा काढून ठिपक्यांकडे बघायचा. त्या महिन्यांत तो इतका बोलका झाला होता, की बुरुलने त्याला दोनदा गप्प बसायला सांगितले.

जानेवारीत बर्फ फार पडले. बोकड खाली सरकले, त्यांच्यामागे ठिपके. खाली हिवाळी तळ होता. तिथे मेंढ्यांचा गोठा, एक खोली, चार घोडे. तळ ओरोझालीचा होता.

दोन दिवस ठिपके तळाच्या वरच्या कड्यावर होते. तिसऱ्या दिवशी तळाच्या भिंतीशी. मग ते हललेच नाहीत.

*

ओरोझालीने लपवले नव्हते. हिमबिबट्याचे कातडे विकणारे लोक असतात, तेही त्याला माहीत होते. तरी फोन लागतो त्या टेकाडापर्यंत तो बर्फातून चालत गेला आणि त्याने कळवले. हे त्याच्या बाजूने सांगायला हवे.

दामिरा, कादिरकुल आणि जिल्ह्याचा तरुण अधिकारी जीपने आणि मग घोड्यांवरून दुपारी तिथे पोचले. मादी गोठ्याच्या ओसरीत लोकरीच्या जाड नमद्याखाली होती. ओरोझालीनेच झाकले होते. दामिराने नमदा उचलला. गोळी समोरून छातीत गेली होती. अंगावर दुसरी जखम नव्हती. पोट भरलेले होते.

ओरोझालीने त्यांना खोलीत बसवले, चहा दिला. कादिरकुलकडे बघून म्हणाला, "बारावी माझ्याच नशिबात होती बघ."

अधिकाऱ्याने कागद काढला. तो याच खोऱ्यातला होता. ओरोझालीच्या पुतण्याबरोबर शाळेत होता. लाल पुस्तकातले, म्हणजे कायद्याने जपलेले जनावर मारले तर तुरुंग असतो. त्याने अंगावर हल्ला केला असेल तर नसतो. हे तिथल्या चौघांनाही माहीत होते. अधिकारी सावकाश, मदत करत करत विचारू लागला.

ओरोझालीने सांगितले ते असे. सकाळी उजाडल्यावर तो घोड्यांना बार्ली घालत होता. त्यातली घोडी रात्रभर बुजलेली होती, पाय आपटत होती. तो तिला शांत करत होता. तेवढ्यात भिंतीच्या मागून आवाज आला. त्याला वाटले, खालच्या तळावरचा घोडा सुटून आला. वळला तर हिमबिबट्या. भिंतीवरून उतरून सरळ त्याच्याकडे येत होता, डोके खाली घालून. कुत्रा आत पळाला. बंदूक दाराशी होती. दहा पावले राहिली तेव्हा त्याने गोळी घातली.

"आवाज करत आला?" अधिकाऱ्याने विचारले.

"करत होता."

"गुरगुरत?"

ओरोझालीने चहाच्या वाटीकडे पाहिले. "गुरगुर म्हण."

"लिहितो मग. गुरगुरत अंगावर आला."

कादिरकुलच्या डोक्यात घोडीचे वाक्य अडकले होते. त्याने हात वर केला. अधिकाऱ्याचे पेन थांबले.

"घोडीला शांत करत होतास म्हणजे काय करत होतास?" त्याने ओरोझालीला विचारले.

"काय म्हणजे? सगळे करतात तेच."

"करून दाखव."

"कादिरकुल, ही काय वेळ आहे?"

"कर."

ओरोझालीने ओठ मिटले आणि नाकातून हवा सोडली. फुर्र, फुर्र, फुर्र. भिंतीपलीकडे घोडीने खूर हलवले.

दामिराने मान वर केली होती. तिला अजून पुरते कळले नव्हते. कादिरकुलला कळले होते. मादी तो आवाज एकट्या त्याचा म्हणून शिकलीच नव्हती. तो या खोऱ्यातल्या प्रत्येक माणसाचा होता. प्रत्येक तळावर, प्रत्येक सकाळी कोणीतरी ओठ मिटून तिला बोलावणार होते. दोन वर्षे त्याने तिला हेच शिकवले होते, की या आवाजाकडे जायचे असते. शहरातल्या त्या माणसांकडे घोडे नव्हते. म्हणून ती परीक्षेत पास झाली.

आता तो गप्प बसला तर सगळ्यांचेच सोपे होते. हल्ला लिहिला जाणार. ओरोझाली मेंढ्यांत राहणार. सही तशीच राहणार, नोकरी तशीच राहणार. फक्त सोडलेल्या जनावराने माणसावर हल्ला केला, हे खोरेभर होणार. मग तळातळावर सापळे लागणार, आणि त्यांना फ्लॅनेल नसणार. केंद्रात आणखी दोन पिल्ले वाढत होती. आणि ती जी बाहेर नमद्याखाली होती, तिच्या नावावर कायमचे गुरगुरणे लागणार.

"खोड ते," तो अधिकाऱ्याला म्हणाला. "गुरगुरली नाही ती. फुरफुरली. सलाम केला तिनं. तिला वाटलं, हा मी आहे."

"आके, तुम्ही इथं नव्हता."

"मी दोन वर्षं तिला उत्तर देत होतो. रोज. आवाज हाच. सही खोटी आहे माझी."

ओरोझालीने वाटी खाली ठेवली. "गप्प बस, कादिरकुल. माझं काय होईल माहीत आहे तुला?"

"माहीत आहे."

"मग?"

कादिरकुल एवढेच म्हणाला, की गुन्हा माझा आहे, तो माझ्यावर लिहा. अधिकारी म्हणाला, खोट्या सहीला नोकरी जाते, आके, तुरुंग गोळीला असतो.

दामिराने फक्त विचारले, "रोज?"

"रोज."

ती उठून बाहेर गेली. खिडकीतून ती ओसरीत उभी दिसत होती. तिने टोपी काढलेली होती आणि बर्फ केसांवर पडत होते.

*

अधिकाऱ्याने तो कागद फाडून दुसरा लिहिला. जिल्ह्याच्या कोर्टात कादिरकुलला आवाज काढून दाखवायला सांगितले. त्याने दाखवला. मागच्या बाकांवर कोणीतरी हसले. लिहिणाऱ्या बाईने विचारले, याला काय लिहू? न्यायाधीश म्हणाले, घोड्यासारखा श्वास, असे लिही. ओरोझालीला दीड वर्षाची शिक्षा झाली.

कादिरकुलला त्याच आठवड्यात काढले. दामिराने त्याचे रबरी बूट आणि लोकरीचा कोट पिशवीत घालून स्वतः घरी आणून दिला. तिने रागाने एक शब्दही काढला नाही. त्याने विचारले, ती दोन पिल्ले कधी सोडणार? ती म्हणाली, सोडणार नाही.

"त्यांना मी कधीच आवाज दिलेला नाही, बाई. बुरुलच्या गळ्याची शपथ."

"मला तुमच्यावर विश्वास ठेवायची फार इच्छा आहे, आके," ती म्हणाली. "पण मी तो कशावर ठेवू?"

ज्यांच्यासाठी बोललो असे त्याला वाटत होते, त्यांच्यासाठीही त्याचे बोलणे उपयोगी पडले नाही. ती अजून जाळीतच आहेत.

गावात कोणी त्याला तोंडावर काही म्हटले नाही. तशी तिथली रीत नाही. वसंतात एका मयताच्या वर्षाचे जेवण होते. पन्नास माणसे गोल बसली होती. तिथे मांस हाडासकट वाटतात आणि कोणाला कोणते हाड, हे वयाने आणि मानाने ठरते. सत्तरीच्या म्हाताऱ्यापुढे कमरेचे हाड यायला हवे. वाढणारा पोरगा आला, त्याने कादिरकुलपुढे बरगडी ठेवली. सर्वांत धाकट्यांना देतात ती. पोरगा लाल झाला होता. त्याला तसे सांगितलेले होते. भोवतीच्या म्हाताऱ्यांनी आपापल्या ताटात पाहिले.

कादिरकुलने बरगडी स्वच्छ खाल्ली. बोटे पुसली. दुवा मागताना सगळ्यांबरोबर दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. मग घरी आला आणि पुन्हा कोणाच्या जेवणाला गेला नाही.

ओरोझालीच्या मेंढ्या त्याच्या भावाने सांभाळल्या, म्हणजे निम्म्या गमावल्या. त्याची बायको बाताम विहिरीवर बुरुल दिसली की बादली अर्धी टाकून निघून जाई. बुरुल एकदा तिच्यामागे बादली घेऊन दारापर्यंत गेली. दार उघडले नाही. तिने बादली उंबऱ्यावर ठेवली आणि परत आली. कादिरकुलला म्हणाली, "तुझ्या खऱ्याचं ओझं मी का वाहायचं?" मग दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन गेली.

*

ओरोझाली चार महिने सूट मिळून चौदा महिन्यांनी सुटला. महिनाभर घराबाहेर पडला नाही. मग एका दुपारी घोडीवरून कादिरकुलच्या दाराशी आला. उतरला नाही. बुरुल बाहेर आली. कादिरकुल तिच्यामागे.

"चहा आहे?" ओरोझालीने विचारले.

तो आत आला, मानाच्या जागी न बसता दाराजवळ बसला. दात दोन कमी झाले होते. बुरुलने चहा दिला, वाळवलेल्या दह्याचे, कुरुताचे खडे आणि पाव पुढे ठेवला. त्याने पावाला हात लावला नाही. बराच वेळ मेंढ्यांविषयी बोलणे झाले. कोणती जात थंडीला टिकते वगैरे. मग तो बुरुलकडे बघून म्हणाला, वहिनी, तू ऐकलंस तरी चालेल.

"मला एक विचारायचं आहे. कोर्टात विचारता आलं नाही. ती खरंच सलाम करत होती?"

"हो," कादिरकुल म्हणाला.

"मला कळलं होतं."

कादिरकुलने त्याच्याकडे पाहिले.

"तिथंच कळलं होतं. आपण अकरा धरली. राग म्हणजे काय, ते मला माहीत नाही? कान वर होते तिचे. शेपूट सैल. तिच्यात राग नव्हता. हे मी साहेबाला सांगितलं नाही. तुलाही सांगणार नव्हतो."

"मग गोळी का घातलीस?"

ओरोझालीने वाटी दोन्ही हातांत धरली. "रागावलेलं जनावर वाट देतं. तू मागं सरलास की ते मागं सरतं. मी एकालाही घाबरलो नव्हतो, तुला माहीत आहे. ही मागं सरणार नव्हती. जुनी ओळख असल्यासारखी येत होती. माझ्या हातात काठी नव्हती. मध्ये काही नव्हतं. असल्या जनावराचं काय करायचं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं." त्याने वाटी खाली ठेवली. "आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो. तुरुंगात रोज तेच यायचं. तू काय केलं असतंस?"

बाहेर घोडीने लगाम झटकला. कादिरकुलने तोंड उघडले. त्याला सांगायचे होते, की मी उत्तर दिलं असतं, हात पुढे केला असता, ती माझ्या गुडघ्याला डोके घासून गेली असती. दोन वर्षे त्याने हे मनात कितीतरी वेळा पाहिले होते.

"मला माहीत नाही," तो शेवटी म्हणाला. "माझ्यापुढं नेहमी जाळी होती."

ओरोझालीने मान हलवली. तो उठला नाही. बुरुलने त्याची वाटी घेतली आणि पुन्हा भरली, अर्धीच, पाहुण्याने आणखी बसावे म्हणून भरतात तशी.